उघड्या लोखंडाला हात लावू नये

आमच्या बुऱ्हाणपुरात चिखल केळीला लागला तर चालतो, माणसाला लागला तरी चालतो. चालत नाही तो फक्त चिखलात जायला म्हणून विकत घेतलेल्या जीपला. हे ज्ञान मला वहिनीच्या गोदामात झालं, आणि ते झालं तेव्हा माझ्या हातात तुपाचं ताट होतं. पण ते पुढे.

पत्रकं काढणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. शनवारा चौकात म्हाताऱ्याकोताऱ्यांना जीव मुठीत न धरता रस्ता ओलांडता यावा म्हणून आम्ही चार-पाच जणांनी एक समिती काढली. समिती अजून आहे. सभासद तेवढेच आहेत आणि चौकही तसाच आहे. समितीच्या तिसऱ्या पत्रकात मी लिहिलं होतं, "गाडीच्या तोंडाला लोखंडी जबडे बांधून गावातून हिंडणाऱ्यांना आमचा एकच सवाल: तुम्हाला नेमकं कोणाला चावायचं आहे?" गुलाबी कागद, काळी शाई, ठळक टाइप. पत्रक वाटून आठवडा होत नाही तोच त्या जबड्यांपैकी सात, म्हणजे जीपचे सात लोखंडी बंपर, रंगायला आमच्याच गोदामात येऊन पडले.

"मी बनवत नाही, रंगवते," वहिनी म्हणाली.

"बंदूक बनवणाराही हेच म्हणतो, मी चालवत नाही."

"बंदुकीला पण कोटिंग लागतं," ती म्हणाली. "आली तर घेईन."

वहिनी पीथमपूरची. लग्नाआधी तिथल्या एका कारखान्यात ती पावडर कोटिंगच्या लाइनवर होती. पावडर कोटिंग म्हणजे ब्रशचा ओला रंग नव्हे. रंगाची कोरडी पूड बंदुकीतून विजेच्या जोरावर लोखंडावर बसवायची आणि मग भट्टीत भाजायची. भाकरीसारखंच, ती सांगते. फक्त भाकरी करपली तर नवरा खातो, बंपर करपला तर गिऱ्हाईक येतं. नवरा, म्हणजे माझा भाऊ, बँकेत. तो बदलीच्या गावाहून शनिवारी येतो आणि रविवारी जातो, त्यामुळे करपलेलं फारसं त्याच्या वाट्याला येत नाही.

गोदाम आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांचं शहरात पंप आणि ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. बहादरपूर रस्त्यावरचं हे गोदाम काही वर्षं रिकामं होतं. त्यात वहिनीनं एका वेल्डरला हाताशी धरून, पत्र्याचे दोन थर आणि मध्ये काचलोकर भरून, बैलगाडी आत जाईल एवढी भट्टी उभी केली. जमिनीत रोवलेली. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नेली तर भट्टी राहणार नाही, भंगार होईल. आणि हेच आप्पांना पुरतं माहीत असताना त्यांनी अट घातली होती.

अट अशी. केळी पिकवण्याचं चेंबर काढणारे एक गृहस्थ गोदामाच्या मागे होते. त्यांना आप्पांनी पोळ्याचा वायदा दिला आणि वहिनीला अक्षय्य तृतीयेपासूनची मुदत घालत म्हणाले, "आखाजी ते पोळा. तेवढ्यात तुझा एक जरी नग गिऱ्हाइकानं वापस आणला, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चावी चेंबरवाल्याची. नाही आणला, तर गोदाम तुझं. मी बोलून राह्यलो ना, म्हणजे बोललो."

आप्पांच्या जातीचे व्यापारी शब्द फिरवत नाहीत. हा गुण असल्याचं सगळे सांगतात. ज्यांच्यावर तो शब्द टाकलेला असतो त्यांना कोणी विचारत नाही.

तर सात जबडे. त्यांच्या मालकांची एक टोळी होती, आणि टोळीचा म्होरक्या स्वतःला कॅप्टन म्हणवून घेत असे. हा एका ठेकेदाराचा मुलगा. वडिलांनी रस्ते बांधायचे आणि मुलानं रस्ता सोडून गाडी चालवायची, अशी घरात कामाची वाटणी होती. दर रविवारी ही मंडळी सातपुड्याच्या नाल्यांतून जीपा घुसळत, आणि सोमवारी सगळ्या गावाच्या फोनवर त्या घुसळणीची रील येई. वहिनीकडे आला तेव्हा त्याच्या बुटांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"भाभी, एकदम मॅट. डेड ब्लॅक. लाइट पडली ना, तर वापस नाय आली पाहिजे."

"गाडी कुठं नेता?" वहिनीनं विचारलं.

"नाला, पत्थर, कीचड. सगळ्यात."

"आणि धुता कशानं? पाइपनं, का कपड्यानं?"

"मी? घरचा माणूस धुतो ना भाभी."

"मग त्याला घेऊन या. रंग त्याला विचारून ठरवू."

कॅप्टनला वाटलं ती गंमत करते आहे. ती करत नव्हती.

माझी समजूत अशी होती की काळा म्हणजे काळा. पण काळ्यातही इतक्या जाती असतात की आपल्या समाजानं शरमेनं मान खाली घालावी. चकचकीत काळा, अर्धा चकचकीत, मॅट, बारीक रव्यासारखा खरखरीत, जाड सुरकुत्यांचा. वहिनीनं पत्र्याचे तळहाताएवढे तुकडे कापले, प्रत्येक जातीचा एक तुकडा रंगवला, भोक पाडलं, आणि सगळे तारेनं बांधले ते शेजारच्या काकांच्या पिकअपला, अगदी पुढे, खाली. काका जसोंडीकडून केळीचे घड आणतात. खडीचा रस्ता, काळी माती आणि वरून गळणारा केळीचा चीक. ज्याच्या कपड्यावर एकदा केळीचा चीक पडला त्याला डाग म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही. कपडा फाटतो, डाग राहतो.

"काय लटकवलंय हे? नजर लागू नये म्हणून का?" काकांनी विचारलं.

"उमेदवार आहेत," मी म्हटलं. "जनतेत फिरवून आणा."

तीन आठवड्यांनी उमेदवार परतले. चकचकीत काळा जाताना सगळ्यांत देखणा होता. आला तेव्हा प्रत्येक खडा त्याच्या अंगावर आपली सही करून गेलेला, आणि ती सही रस्त्यापलीकडून वाचता येत होती. मात्र पाणी मारताच चीक निघाला, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. जाड सुरकुत्यांवर ओरखडा एकही दिसेना. पण सुरकुत्यांत जसोंडीची काळी माती अशी जाऊन बसली होती की तिथे हरभरा पेरता आला असता. मॅटचं काय सांगावं. चिकाचे डाग त्यानं पदकासारखे छातीवर लावून आणले होते. वहिनीनं ते जोर लावून घासले, तर डाग राहिला आणि घासलेली जागा चकाकायला लागली. म्हणजे जो गुण पाहून निवडायचा तोच धुण्यात गेला. अशी माणसं मी दर निवडणुकीत पाहते, पण पत्रा पहिल्यांदा पाहिला.

टिकला तो बारीक रव्याचा, अर्धमॅट. ओरखडे पोटात घालणारा, ब्रशनं स्वच्छ होणारा. त्यातही एक तुकडा वहिनीनं नुसता रंगवलेला, आणि दुसऱ्याला खाली जस्ताच्या प्रायमरचा थर दिलेला. खडा लागून दोन्हींचा टवका उडाला होता. नुसत्या रंगवलेल्याच्या टवक्याभोवती गंज रंगाखाली सरपटत निघाला होता, चोर पावलांनी. जस्तवाल्याचा टवका होता तेवढाच.

"रंग वरून पाहायचा नसतो," वहिनी म्हणाली. "खाली काय आहे ते पाहायचं."

मी हे वाक्य पत्रकासाठी लिहून घेतलं. पुढे ते मलाच लागू पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कॅप्टनपुढे तुकडे मांडले. त्यानं मॅटचा डागाळलेला तुकडा उचलून म्हटलं, "लेकिन भाभी, लुक तो इसीका है."

वहिनीनं काही वाद घातला नाही. खरखरीत तुकडा आणि चकचकीत तुकडा शेजारी ठेवले, खिशातल्या किल्लीनं दोन्हींवर सारखीच रेघ ओढली आणि आधी चकचकीतावर बोट ठेवून म्हणाली, "ह्याच्यावर ठोकर दिसते. ह्याच्यावर दिसत नाही. गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"पप्पांच्या."

"मग ठरवा."

कॅप्टनचं ठरलं. सातही गाड्या सात पप्पांच्या नावावर होत्या, त्यामुळे टोळीतही मतभेद झाले नाहीत.

आता पावडर कोटिंगचा एक नियम आहे, आणि वहिनीच्या तोंडी तो दिवसातून दहा वेळा असतो. लोखंड घासून, ॲसिडच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांतून काढून, धुऊन वाळवून आकड्याला टांगलं की त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही. बोटाच्या तेलाचा ठसासुद्धा चालत नाही. त्या जागी रंग धरत नाही. ह्या नियमाची पाटी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पुठ्ठा घेतला, लाल मार्कर घेतला आणि लिहिलं: "सावधान! उघड्या लोखंडाला हात लावू नये! हा नियम अपवाद न करता सर्वांना लागू आहे! हुकमावरून!"

"कोणाच्या हुकमावरून?" वहिनीनं विचारलं.

"असं लिहायचं असतं."

"उद्गारचिन्हं कमी कर. लोक भांडायला येतील."

मी कमी केली नाहीत.

आखाजीच्या सकाळी सातही बंपर धुऊन, वाळून, ओळीनं आकड्यांना टांगलेले होते. राखाडी, निर्मळ, पाटावर बसलेल्या नवरदेवांसारखे. थ्री-फेज वीज गेली होती म्हणून वहिनी वायरमनला शोधायला ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत गेली होती. मी पाटीखाली स्टुलावर बसून फोन पाहत होते. आणि आप्पा आले.

भट्टी लागल्यापासून आप्पांनी त्या गोदामात पाऊल टाकलेलं नव्हतं. रस्त्यावरूनच "काय चाललंय" विचारून पुढे जायचे. त्या दिवशी धुवट सदरा, कपाळाला गंध, हातात पितळी ताट. ताटात तुपात कालवलेला शेंदूर.

हे ताट मी जन्मापासून पाहते आहे. दुकानात नवा माल आला की पहिल्या नगावर आप्पा तुपातल्या शेंदराचं स्वस्तिक काढतात, मगच तो विकतात. पहिला पंप, पाइपाचं पहिलं बंडल. एकदा दुकानात संगणक आला तर त्याच्याही कपाळावर. तो संगणक अजून चालतो, हे आप्पा आल्यागेल्याला सांगतात.

"आज आखाजी," ते म्हणाले. "सुनेचा पहिला मोठा माल. पहिला नग कोणता ह्यातला?"

"सगळे एकदमच आलेत आप्पा."

त्यांनी क्षणभर विचार केला. "सात गाड्या, सात मालक. एकालाच कसा द्यायचा? धर ताट."

मी ताट धरलं. ही गोष्ट मी लिहिते आहे ती त्या ताटासाठी. जी बाई तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून बोलते, नगरपालिकेच्या पायरीवर घोषणा देते, ती स्वतःच्या लाल अक्षरांतल्या पाटीखाली, चार उद्गारचिन्हांच्या साक्षीनं, तुपाचं ताट धरून उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. कारण आप्पा गुणगुणत होते. दुकानात ते कधी गुणगुणत नाहीत.

सात स्वस्तिकं काढून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि एकेक स्वच्छ पुसून टाकलं.

"पुसता कशाला?"

"अगं, तिच्या रंगाला अडचण नको. मला कळतं तेवढं. आशीर्वाद आतून राहील."

मलाही पटलं. पुसलं म्हणजे गेलं. शेंदराचा लवलेश दिसत नव्हता.

वहिनी वीज घेऊन परतली. हातमोजे चढवता चढवता थांबली. "तुपाचा वास येतोय."

"आखाजी आहे," मी म्हटलं. "सगळ्या गावात येतोय."

हे खोटं नव्हतं. माझ्या आजवरच्या कुठल्याही पत्रकात ह्याहून सफाईदार खरं वाक्य नाही.

तिनं जस्ताचा थर दिला, भाजला, वर रव्याचा काळा थर दिला, भाजला. दुपारी भट्टीचं दार उघडलं, आणि गरम हवेबरोबर सात बंपर बाहेर आले. सातांवर, डाव्या कोपऱ्यात, बरोबर एकाच उंचीवर, सात स्वस्तिकं. बाकी सगळा रंग खरखरीत बसला होता; तेवढ्या रेषांत तो गुळगुळीत, जरासा फुगलेला, चकचकीत. साच्यातून काढल्यासारखी सुबक. आप्पांचा हात ह्या वयातही स्थिर आहे.

वहिनीनं वाकून पाहिलं. "हे काय?"

मी सांगितलं. शेंदूर, तूप, रुमाल.

"तू होतीस?"

"ताट धरलं होतं."

तिनं पाटीकडे पाहिलं. "अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली.

ह्यावर मी काही बोलणार तेवढ्यात आप्पा पुरणपोळीचा डबा घेऊन हजर झाले, आणि बंपर पाहून डबा त्यांनी जमिनीवरच ठेवला. हात जोडले.

"उमटला!" ते म्हणाले. "पोरींनो, उमटला बघा!"

तासाभरात आळी जमा झाली. पिकअपवाले काका आले, त्यांच्या मागून काकू आल्या, काकूंच्या मागून उदबत्ती आली. एका बाईनं जीपच्या बंपराला हळदकुंकू वाहिलं. अंधश्रद्धेविरुद्ध आमच्या समितीचं एक पत्रक आहे, मी लिहिलेलं. त्याचा उरलेला गठ्ठा त्याच गोदामात कोपऱ्यात होता आणि काकू त्यावर टेकल्या होत्या. सांगणार काय? चमत्कार खोटा आहे हे मला माहीत होतं, कारण चमत्काराचं ताट मीच धरलं होतं.

संध्याकाळी कॅप्टन आला. आम्हाला वाटलं, आता हा नाकारतो. त्यानं हात फिरवला, वाकून पाहिलं, फोन काढला.

"भाभी! ये तो लिमिटेड एडिशन झालं! पूरे एमपी में कोणाकडे नाय. उद्याच घेऊन जातो सगळे."

आप्पांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. बघ, म्हणाले त्यांचे डोळे, आणि तू पत्रकं काढते.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघी मागे राहिलो. वहिनी नखानं एका स्वस्तिकाची कड उचलून पाहत होती.

"टिकेल का?" मी विचारलं.

"पोळ्यापर्यंत? कदाचित. नाल्यात नेली नाही तर."

"मग जाऊ दे ना. गिऱ्हाईक खूश, आप्पा खूश, गोदाम तुझं. तू फक्त गप्प राहायचंस."

"हे तू सांगतेस?"

"आप्पांना कळलं की त्यांच्या हातानं माल खराब झाला, तर ते अपमान समजतील. रागात चावी देऊन मोकळे होतील. तुझी भट्टी जाईल."

"हो," ती म्हणाली. "जाईल." आणि नख काढून पुसलं.

गप्प बसा असं सांगणारं पत्रक मी कधी काढलेलं नाही. तोंडी मात्र मला ते चांगलं जमलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन माल न्यायला यायच्या आधी आप्पा गोदामात होते, दाराजवळ खुर्ची टाकून. वहिनीनं एका बंपरावर, स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध, पातळ पात्यानं बारीक जाळी कापली. तशीच दुसरी जाळी वीतभर अंतरावर. दोन्हींवर रुंद चिकटपट्टी दाबून बसवली.

"आप्पा, जरा हात द्या. ही ओढा."

"मी?"

"तुम्हीच ओढा."

त्यांनी आधी वीतभर लांबची ओढली. पट्टी कोरी निघाली. मग स्वस्तिकावरची ओढली. ती निघाली ती अख्खं स्वस्तिक घेऊनच, जस्तासकट, चारही पाय धरून. खाली नागवं लोखंड होतं आणि त्यावर एक ओलसर चकाकी.

आप्पांनी ती पट्टी उजेडात धरून पाहिली. मग ती झटकायला गेले, तर ती बोटांना चिकटून बसली.

"मी पुसलं होतं," ते म्हणाले. "चांगलं घासून पुसलं होतं."

"हो आप्पा. रुमालानं."

"मग?"

"पंपाच्या शाफ्टचं ग्रीस रुमालानं जातं का?"

आप्पांनी आयुष्यभर पंप विकले आहेत. त्यांनी बोटांची पट्टी सोडवली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि निघून गेले. अटीबद्दल काही बोलले नाहीत. तीन दिवस आमच्याशीच बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर आईला सांगायचे, आणि आई त्यांच्याच ताटाजवळचं मीठ त्यांच्याकडे सरकवायची.

कॅप्टनला वहिनीनं सांगितलं, सगळे उतरवून नव्यानं करते, पाच दिवस लागतील. टोळीतले सहा कुरकुरत तयार झाले. कॅप्टन नाही.

"मेरावाला मत छेडो भाभी. मला असाच पाहिजे. रील टाकून झाली."

"खालून गंज येईल."

"येऊ दे. आशीर्वाद आहे त्यात."

"पाण्यात न्यायची नाही मग."

"हा, हा," तो म्हणाला. नाल्यात जायची गाडी त्याची.

इथे माझ्या लेखणीला पुन्हा जोर आला. मी एक निवेदन तयार केलं: "मी खाली सही करणार स्वखुशीनं व पूर्ण शुद्धीत सदर बंपर त्यातील दोषासह ताब्यात घेत आहे." कॅप्टननं न वाचता सही केली आणि सहीचाही फोटो काढला. उरलेले सहा आम्ही घासले. ॲसिड, फॉस्फेट, पाणी, पुन्हा पहिल्यापासून. मी हातमोजे घालून. मे महिन्यात, भट्टीच्या शेजारी, कोपरापर्यंतच्या रबरी हातमोज्यांत माणूस आपल्या पाटीवरच्या प्रत्येक उद्गारचिन्हाचा अर्थ नीट समजून घेतो. सहा बंपर गेले. रव्याचे, काळे, कुठलाही चमत्कार नसलेले.

मग पावसाळा. वहिनी दर सोमवारी टोळीच्या रीली पाहायची. जगात एवढ्या काळजीनं त्या रीली पाहणारी ती एकटीच असावी. सहा जण नाल्यात. सातवाही नाल्यात, सगळ्यांच्या पुढे, बंपर पाण्याखाली. "हा, हा," मी म्हणायचे. ती हसायची नाही.

पोळ्याला चार दिवस राहिले. चेंबरवाले गृहस्थ माप घ्यायला आले. भट्टी उखडल्यावर खड्डा किती बुजवावा लागेल, हे त्यांनी आमच्यासमोरच आप्पांना विचारलं. आप्पा दाराशी खुर्चीवर, ते मोजपट्टी पसरून आत, आणि तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. कॅप्टननं मागून बंपर ओढून काढला आणि आमच्यासमोर धाडकन टाकला.

रंग सगळा शाबूत होता. डाव्या कोपऱ्यात तेवढा गळून पडला होता, आणि तिथे गंज फुलला होता. एकही रेघ इकडची तिकडे न होता. आखाजीच्या सकाळी आप्पांनी काढलं होतं तसंच ते स्वस्तिक दिसत होतं, थेट त्याच शेंदरी रंगाचं.

"भाभी, ये क्या माल दिया? वापस घ्या."

वापस. चेंबरवाल्यांनी मोजपट्टीवरून मान वर केली. वहिनी भट्टीच्या दाराला हात लावून उभी होती. मी धावले. निवेदन मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाटीमागच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. ते फडकवतच आले.

"स्वखुशीनं! पूर्ण शुद्धीत! ही सही कोणाची?"

"कागद ठेव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ह्याच्यात स्पष्ट लिहिलंय..."

"ठेव म्हटलं ना. तुझ्या कागदानं काय होऊन राह्यलं?"

ते खुर्चीवरून उठले, खाली बसले, गंजलेल्या रेषांवरून बोट फिरवलं. बोट शेंदरी झालं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली चिकटपट्टी काढली. मे महिन्यापासून सदरे बदलले, धुतले गेले. पट्टी दर सदऱ्यात जात राहिली असणार. ती उलगडून त्यांनी बंपराशेजारी धरली. माप जुळलं.

"हा नग हिचा नाही," ते कॅप्टनला म्हणाले. "हा माझा."

चेंबरवाले व्यवहारी माणूस. "पण आप्पाजी, नग तर वापस आला ना? तुमचं बोलणं होतं."

"आला. माझा आला. माझ्या दुकानात घेऊन जातो." आणि जरा थांबून, "हिचे सहा गेले ते कुठं आलेत?"

चेंबरवाल्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, आणि मोजपट्टीचं बटण दाबलं. पट्टी सर्रकन डबीत गेली.

आप्पांनी बंपर दुकानात काही नेला नाही. नेऊन करणार काय, तिथे भट्टी कुठे आहे? त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वहिनीला विचारलं, "कोणता कागद लावते तू घासायला? जाड का बारीक?"

"आधी जाड," वहिनी म्हणाली. तिनं आपले रबरी हातमोजे काढून पुढे केले. आप्पांनी ते घेतले, माझी पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचली, आणि मोजे चढवले. त्यांच्या बोटांना ते आखूड होत होते.

घासायला लागले तसा कॅप्टन खाली वाकला. "अंकल, पोळ्याच्या आत होईल ना? ट्रिप आहे." मग वहिनीकडे वळून, "आणि भाभी, अबकी बार मॅट करून द्या ना."

"धुणाऱ्याला घेऊन या," वहिनी म्हणाली.